नेट चालू आहे, पण काही वेबसाइट खुलत नाहीत: नागपुरातल्या घरच्या राउटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीच्या फायबरच्या डब्ब्यावरचा एलओएस (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल झाला असेल तर हे पान वाचू नका, कनेक्शनवाल्याला फोन करा. कुठेतरी सिमेंट रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली आहे, किंवा डब्ब्यामागची पिवळी वायर दाराच्या फटीत दुमडली आहे. इथे विषय वेगळा आहे. दिवे सगळे हिरवे, व्हॉट्सअ‍ॅप येतंय, यूट्यूब चालतंय आणि नेमकी हवी तीच साइट फिरत बसते. या तक्रारीतला कामाचा शब्द एकच आहे: ‘काही’. कोणत्या साइट खुलतात आणि कोणत्या नाही, यातच बिघाड कुठे आहे ते लिहिलेलं असतं.

खाली ज्या आज्ञा दिल्या आहेत त्या विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या.

सर्वात आधी राउटर बंद-चालू करू का?

पाच मिनिटं थांबा. बंद-चालू केल्यावर राउटरची तात्पुरती आठवण पुसली जाते, बाहेरचा पत्ता बदलू शकतो, साठलेली कनेक्शन्स मोकळी होतात. साइट खुलते, पण कशामुळे खुलली ते कळत नाही, आणि संध्याकाळी तोच त्रास पुन्हा सुरू.

त्याआधी तीन गोष्टी करून बघा. तीच साइट मोबाइलचं वायफाय बंद करून सिमच्या डेटावर उघडा. सिम दुसऱ्या कंपनीचं असेल तर उत्तम. तिथेही खुलली नाही तर साइटच बंद आहे, चहा प्या. मग तीच साइट घरच्या वायफायवर दुसऱ्या फोनवर उघडा. एकाच लॅपटॉपवर अडत असेल तर दोष राउटरचा नाही. शेवटी त्याच लॅपटॉपवर दुसऱ्या ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत बघा. तिथे खुलली तर जुन्या कुकीज किंवा एखादं एक्स्टेन्शन आडवं येतंय.

सिमवर खुलते आणि घरच्या वायफायवर कोणत्याही यंत्रावर खुलत नाही, असं निघालं तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे. एका कागदावर खुलणाऱ्या तीन आणि न खुलणाऱ्या तीन साइटची नावं लिहा, पडद्यावरच्या मेसेजचा फोटो काढा.

मेसेज तर दरवेळी सारखाच दिसतो. त्यात काय वाचायचं?

सारखा नसतो. वरची मोठी ओळ सोडा, खाली बारीक अक्षरांत कोड असतो तो बघा.

‘डीएनएस प्रोब फिनिश्ड’ असं काही असेल तर साइटच्या नावाचा पत्ताच मिळाला नाही. साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात; खाली तिचा प्रश्न बघा. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पत्ता मिळाला, पण तिकडून उत्तर आलं नाही. खाली कोपऱ्यात ‘एस्टॅब्लिशिंग सिक्युअर कनेक्शन’ येऊन तिथेच मिनिटभर अडकलं तर संशय एमटीयूवर, म्हणजे डेटाच्या पाकिटाच्या मापावर घ्या; ते पुढे सांगितलं आहे. ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ आलं तर आधी घड्याळ बघा. आणि ४०३, ५०२ किंवा ५०३ असा आकडा दिसला तर बहुतेक वेळा पलीकडच्या सर्व्हरनेच उत्तर दिलेलं असतं, तुमच्या राउटरने आपलं काम केलंय.

यूट्यूब एकदम मस्त चालते, पण बँकेची साइट खुलतच नाही. नेट चांगलं असेल तर असं कसं होते?

यूट्यूब चालणं हा नेट ठीक असल्याचा पुरावा नाही. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे गूगल, फेसबुक, नेटफ्लिक्स यांचे साठा ठेवणारे सर्व्हर अनेक इंटरनेट कंपन्यांच्या स्वतःच्या जाळ्यातच बसवलेले असतात. तुमचा व्हिडिओ शहरातून किंवा जवळच्या मोठ्या केंद्रातून येतो. कंपनीची बाहेर मुंबई-चेन्नईकडे जाणारी लाइन कोंडली तरी व्हिडिओ थांबत नाही, बाकीचं जग मात्र थांबतं. हे तपासायला ‘ट्रेसर्ट’ (टी-आर-ए-सी-ई-आर-टी; पाकीट कोणत्या टप्प्यांनी जातं ते दाखवणारी आज्ञा) लिहून जागा सोडा आणि न खुलणाऱ्या साइटचं नाव लिहा. पहिली ओळ तुमच्या राउटरची. दुसरी-तिसरी ओळ येऊन पुढे सगळे तारेच तारे (*) दिसले, आणि खुलणाऱ्या साइटला तसं होत नसेल, तर बिघाड कंपनीच्या पुढच्या टप्प्यात आहे. एखाद-दुसऱ्या ओळीत तारे येऊन पुढे आकडे चालू राहिले तर घाबरू नका. मधली काही यंत्रं उत्तर देत नाहीत एवढंच.

दुसरं कारण जास्त मजेशीर. गूगलच्या सेवा बहुतेक वेळा क्विक नावाच्या पद्धतीने बोलतात. मे २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या या पद्धतीत सुरुवातीची पाकिटं (डेटा ज्या तुकड्यांत जातो ते) किमान १२०० बाइटची असतात आणि पुढचीही वाटेत मावतील अशा बेताने ठेवली जातात. बँका, परीक्षांचे फॉर्म, सरकारी पोर्टल बऱ्याचदा जुन्या टीसीपी पद्धतीने बोलतात आणि पूर्ण १५०० बाइटचं पाकीट भरून पाठवतात. वाट १४९२ ची असेल तर छोटं पाकीट निघून जातं, मोठं अडकतं.

हे एमटीयू म्हणजे काय, आणि ते आमच्याकडेच का बिघडते?

एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा म्हणजे एमटीयू. साध्या इथरनेटवर तो १५००. युझरनेम-पासवर्ड टाकून चालणारं कनेक्शन पीपीपीओई प्रकारचं असतं. मोहल्ल्यातल्या केबलवाल्याकडून घेतलेली बरीच कनेक्शन्स अशीच असतात. या पद्धतीत प्रत्येक पाकिटावर ८ बाइटचं जादा वेष्टन चढतं, म्हणून आत १४९२ च उरतात.

एरवी मोठं पाकीट आलं की वाटेतलं यंत्र पाठवणाऱ्याला ‘लहान करून पाठव’ असा निरोप देतं. पण काही साइटच्या फायरवॉलमध्ये हे निरोप सरसकट बंद केलेले असतात. सर्व्हर मोठी पाकिटं पाठवत राहतो, ती वाटेत टाकून दिली जातात आणि तुम्ही फिरणारं चक्र बघत बसता. सुरक्षित साइटवर कनेक्शन जुळताना सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो, ते काही हजार बाइटचं असतं. म्हणून गाडी नेमकी ‘सिक्युअर कनेक्शन’वर अडते. साइटला पिंग (उत्तर येतं का बघणारी छोटी हाक) जातो, नाव सापडतं, फक्त पान येत नाही.

ते घरी कसं मोजायचं?

लॅपटॉप शक्यतो केबलने राउटरला जोडा आणि व्हीपीएन बंद करा. मग लिहा:

पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१

‘एफ’ म्हणजे पाकीट फोडू नको, ‘एल’ म्हणजे आतला माल किती, १.१.१.१ म्हणजे क्लाउडफ्लेअर कंपनीचा सर्व्हर. १४७२ मध्ये २० बाइट आयपीचे आणि ८ पिंगचे मिळवले की १५०० होतात. उत्तर आलं तर वाट पूर्ण रुंद आहे, एमटीयूचा विषय सोडा. ‘पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ आलं तर १४६४ घालून बघा; ते गेलं तर तुमची वाट १४९२ ची, म्हणजे पीपीपीओईला शोभेल अशीच आहे. तेही अडलं तर दहा-दहाने उतरत जा. जो सर्वात मोठा आकडा जातो त्यात २८ मिळवा, तो तुमचा खरा एमटीयू.

दोन उत्तरांतला फरक नीट बघा. ‘फ्रॅगमेंटेड’चा निरोप आला म्हणजे निदान निरोपाची व्यवस्था जिवंत आहे. छोटा पिंग जातो, पण मोठ्याला निरोप न येता नुसतं ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतं, तेव्हा वाटेत पाकिटं गुपचूप गायब होत आहेत. साइट अडकण्याचं हे खरं लक्षण.

आकडा कळला. आता कुठे भरायचा?

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, खात्री नसेल तर ‘आयपीकॉन्फिग’ लिहून ‘डिफॉल्ट गेटवे’ बघा. लॉगिन डब्ब्याखालच्या स्टिकरवर असतं. वॅन (बाहेरच्या नेटची बाजू) किंवा इंटरनेटच्या पानावर, कधी कधी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या आत, एमटीयूची चौकट सापडेल. मोजलेला आकडा भरा, सेव्ह करा, वॅन तोडून परत जोडा. ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ (कनेक्शन जुळतानाच पलीकडच्याला लहान पाकिटं पाठवायला सांगणारी सोय) असं बटण असेल तर ते चालू ठेवा. आकडा मागितला तर एमटीयूतून ४० वजा करा, म्हणजे १४९२ ला १४५२.

उगाच १४०० किंवा १३०० भरून ‘आता सगळंच खुलते’ म्हणू नका. प्रत्येक पाकिटात माल कमी जातो. आणि १२८० च्या खाली तर कधीच जाऊ नका, आयपीव्ही६ ला, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीला, तेवढी जागा लागतेच.

डीएनएस बिघडलं आहे हे नक्की कसं ओळखायचं?

‘एनएसलुकअप’ लिहा, जागा सोडा, साइटचं नाव लिहा. मग तेच पुन्हा, पण शेवटी जागा सोडून ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) जोडा. पहिल्यात उत्तर नाही आणि दुसऱ्यात आलं, तर तुमच्या कंपनीचा डीएनएस आजारी आहे. दोन्हीत उत्तर आलं तर डीएनएस बदलून फायदा नाही, कारण दुसरीकडे आहे. इंटरनेटवरचे निम्मे सल्ले इथेच चुकतात. ताप असो की पाय मुरगळलेला, औषध एकच: ८.८.८.८.

उत्तरात ०.०.०.० किंवा १२७.०.०.१ आलं तर कोणीतरी ती साइट मुद्दाम गाळते आहे: जाहिरात रोखणारी सेवा, राउटरचा पॅरेंटल कंट्रोल, किंवा मुलांच्या परीक्षेच्या काळात तुम्हीच लावून विसरलेला फिल्टर.

बदलायचं असेल तर राउटरमध्ये लॅन (घरातलं जाळं), मग डीएचसीपी सर्व्हर (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारा), तिथे प्रायमरी डीएनएस १.१.१.१ आणि सेकंडरी ८.८.८.८ भरा. त्यानंतर प्रत्येक यंत्राचं वायफाय एकदा बंद-चालू करा, नाहीतर जुनाच पत्ता वापरला जातो. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ही द्या. कंपनीच्या डब्ब्यात हे पान कुलूपबंद असेल तर लॅपटॉप आणि फोनमध्ये वेगवेगळं भरावं लागेल. अँड्रॉइड ९ पासून पुढे ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे.

८.८.८.८ टाकल्यावर आधी खुलणारी एक साइट बंद झाली. असं होऊ शकतं का?

होतं. ८.८.८.८ आणि १.१.१.१ दोन्ही डीएनएसवरची डिजिटल सही तपासतात. एखाद्या संस्थेने ती सही वेळेत नूतन केली नाही तर हे सर्व्हर पत्ता द्यायला नकार देतात. न तपासणारा डीएनएस मात्र देऊन टाकतो. चूक साइटवाल्यांची आहे. तेवढ्यापुरतं एका यंत्रावर जुना डीएनएस लावून काम उरका.

आयपीव्ही६ बंद करा असं सगळे सांगतात. करायचं का?

तपासण्यापुरतं करा. लॅपटॉपच्या नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ६’समोरची खूण काढा आणि साइट उघडा. खुलली, तर बिघाड त्याच वाटेत आहे.

ब्राउझर तसा हुशार असतो. सहाची, म्हणजे आयपीव्ही६ ची वाट लगेच जुळली नाही तर क्षणार्धात चारची, म्हणजे जुन्या आयपीव्ही४ ची धरतो. पण वाट जुळली आणि नंतर मोठी पाकिटं अडकली, तर तो परत फिरत नाही. सहामध्ये वाटेतली यंत्रं पाकीट फोडतच नाहीत. ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप पोचणं सक्तीचं असतं. राउटरच्या फायरवॉलमध्ये कोणी आयसीएमपी (हे निरोप नेणारी पद्धत) सरसकट बंद केलं असेल तर तेच चालू करा. कंपनीकडून सहाचा पत्ताच येत नसेल आणि राउटरमध्ये मात्र तो चालू असेल, तर राउटरमधून बंद करा. बाकी कायमचं बंद ठेवू नका.

‘कनेक्शन प्रायव्हेट नाही’ असं येते, तेही फक्त जुन्या कॉम्प्युटरवर.

तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख मागे जाते आणि प्रत्येक प्रमाणपत्र अवैध वाटायला लागतं. सेल बदलला की झालं.

तारीख बरोबर असेल तर यंत्र जुनं आहे. साइटना फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर टेकली होती ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. ज्या यंत्रांना अपडेट येत नव्हते त्यांच्यावर त्या दिवसापासून असंख्य साइट अडू लागल्या. सुरक्षित कनेक्शनच्या टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या पद्धतीही २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या. राउटरला दोष देऊन उपयोग नाही. बँकेच्या साइटवर असा इशारा आला तर ‘तरीही पुढे जा’ कधीच दाबू नका.

आणखी एक शक्यता: रिचार्ज संपलाय. काही कंपन्या मुदत संपल्यावर प्रत्येक साइट स्वतःच्या पैसे भरण्याच्या पानाकडे वळवतात, आणि सुरक्षित साइट वळवता येत नसल्याने तिथे हाच इशारा दिसतो. नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडून बघा, बिलाचं पान लगेच समोर येईल.

काही साइट सारखं ‘तुम्ही रोबो आहात का’ विचारतात, काही ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणतात.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच घरांना मिळून दिला आहे. मानेवाड्यातल्या कोणाच्या तरी व्हायरसग्रस्त कॉम्प्युटरने गोंधळ घातला की धरमपेठेतल्या तुम्हालाही दार बंद. राउटर पाच मिनिटं बंद ठेवून चालू केला तर कधी कधी दुसरा पत्ता मिळतो. कायमचा इलाज म्हणजे स्वतंत्र स्टॅटिक आयपी; त्याचे वेगळे पैसे पडतात.

व्हीपीएन चालू असेल तर उलट प्रकार होतो: तुम्ही परदेशातून येताय असं साइटला वाटू शकतं. परदेशातून येणाऱ्यांना अनेक भारतीय बँका आणि सरकारी साइट आत घेत नाहीत.

कंपनीच्या डब्ब्याला आम्ही स्वतःचा राउटर जोडला आहे. त्याने फरक पडतो का?

दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नक्की पडतो. आतलं आणि बाहेरचं जाळं एकाच नावाचं झाल्यावर राउटरला दिशा कळत नाही. तुमच्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ करा. त्याहून चांगलं म्हणजे तो ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका, म्हणजे तो नुसता वायफाय पसरवेल.

उन्हाळ्यात दुपारी हा त्रास वाढतो. उन्हाचा संबंध आहे का?

आहे, पण त्याने ‘काही साइट’ अडत नाहीत. सगळंच तुटक होतं आणि जड पानं आधी हार मानतात. बऱ्याच घरगुती राउटरवर ० ते ४० अंश अशी मर्यादा छापलेली असते. नवतप्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर लाकडी कपाटात कोंडलेल्या डब्ब्याची कल्पना करा. उघड्यावर, भिंतीला उभा लावा. सेट-टॉप बॉक्सवर ठेवू नका.

आणि कूलरच्या हवेतही ठेवू नका, ही आपल्याकडची नेहमीची चूक. ओलसर हवेने केबलच्या टोकाचे धातूचे दात काळे पडतात. कूलरची मोटर आणि राउटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर मोटर सुरू होताना बसणारा झटका अ‍ॅडॅप्टर सोसतो. दोन-तीन उन्हाळे झाल्यावर १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर भारावर बराच खाली येतो. नवा घ्यायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जाल तेव्हा जुना सोबत न्या: व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त, पिनेची जाडी तीच. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावू नका.

चालू असलेलं चालते, नवीन काहीच खुलत नाही. बंद-चालू केलं की दोन तास बरं.

राउटरचं कनेक्शन-टेबल भरतंय. टॉरेंट, कॅमेऱ्याचा डीव्हीआर किंवा व्हायरस असलेलं एखादं यंत्र हजारो जोडण्या उघडून ठेवतं. एकेक यंत्र तोडून बघा. ज्याला काढल्यावर सुटतं तो चोर.

एखादी साइट सरकारनेच बंद केली असेल तर कसं कळेल?

कधी तशी सूचना दिसते, कधी नुसतंच कनेक्शन तुटतं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६९-अ खाली किंवा न्यायालयाच्या आदेशाने कंपन्यांना साइट बंद कराव्या लागतात. दुसऱ्या कंपनीच्या सिमवरही तेच दिसलं तर राउटरशी खेळू नका.

कोणतीही साइट उघडली की भलत्याच जाहिराती येतात.

राउटरचा डीएनएस कोणीतरी बदलला असू शकतो. हा धंदा जुना आहे: डीएनएसचेंजर या व्हायरसने बदललेल्या यंत्रांसाठी अमेरिकेच्या एफबीआयने पर्यायी सर्व्हर चालवून घेतले होते, ते ९ जुलै २०१२ ला बंद झाले. वॅन आणि डीएचसीपी दोन्ही पानांवरचे डीएनएस बघा. अनोळखी आकडा दिसला तर तो काढा, ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट बंद करा आणि फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. फर्मवेअर स्टिकरवरच्या हार्डवेअर व्हर्जनचंच घ्या. व्ही२ चं व्ही३ ला चालत नाही. लाइट जायची लक्षणं असतील तर त्या दिवशी हात लावू नका.

मागच्या बारीक छिद्रात पिन घालून रीसेट केलं तर?

सगळ्यात शेवटी, आणि फक्त स्वतःच्या राउटरवर. त्याआधी वॅनच्या पानाचा फोटो, पीपीपीओईचं युझरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीने त्या लाइनला दिलेला) आकडा लिहून घ्या. कंपनीच्या डब्ब्यावर करू नका. त्यातली नोंदणी पुसली गेली तर माणूस येईपर्यंत घरात नेट नाही, आणि तो रविवारी येत नाही.

एवढं करूनही नाही झालं. कनेक्शनवाल्याला काय सांगू?

‘नेट चालत नाही’ म्हणू नका. तो येईल, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावेल, पूर्ण वेग दाखवेल आणि जाईल. स्पीड टेस्टचा सर्व्हर बहुतेक वेळा जवळचाच असतो, त्यात हा बिघाड दिसत नाही.

लिहून पाठवा: कोणत्या साइट, किती वाजता, केबलने जोडूनही तसंच, दुसऱ्या सिमवर खुलतात. सोबत वॅन आयपी, ट्रेसर्टचा फोटो आणि पिंगचा सर्वात मोठा आकडा. एमटीयूचं निघालं असेल तर ‘तुमच्या बाजूने एमएसएस क्लॅम्पिंग लावा’ एवढं वाक्य तांत्रिक विभागापर्यंत पोचवायला सांगा. तक्रार क्रमांक घ्या. तो मिळाल्याशिवाय पुढे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येत नाही, आणि कनेक्शनवाल्याला नुसतं तोंडी सांगून तो मिळेलच असं नाही.